झाडाची बातमी छापा, पण त्याचा पत्ता छापू नका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर अगदी खाली कोपऱ्यात एक छोटी बातमी होती, सूर्यफुलाच्या कुळातलं डोंगरावरचं नवीन झुडूप सापडलं आणि सापडतानाच ते धोक्यात आहे म्हणून. आमच्या झेरॉक्सच्या दुकानात पेपर येतो, गिऱ्हाईक नसलं की मी शेवटच्या पानापासून उलटा वाचत येतो, म्हणून दिसली, नाहीतर ती जाहिरातीखाली दबूनच गेली होती. मी वाचून दाखवली तर शेजारचा सलूनवाला हातात कात्री तशीच धरून म्हणाला, काल सापडलं आणि आज धोक्यात, हे कसं काय हो, जन्मलं की थेट आयसीयूत?

हसलो आम्ही सगळे, पण प्रश्न बरोबर आहे. मी पण आधी तसंच समजायचो. सापडलं म्हणजे उगवलं असं नसतंय. ते झुडूप तिथं हजारो वर्षं असतंय, गुराख्याला ठाऊक असतंय, शेळ्यांना तर चवीनिशी ठाऊक असतंय, फक्त शास्त्राच्या वहीत त्याचं नाव नसतंय. नाव लावायचं म्हणजे फुलासकट फांदी दाबून वाळवून हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहात, ठेवायची, तोच कायमचा पुरावा, मग त्याच्या सगळ्या भाऊबंदांशी एकेक पान एकेक केस ताडून बघायचा आणि वर्णन छापायचं (आधी हे वर्णन लॅटिनमध्येच लागायचं, २०१२ पासून इंग्रजीत लिहिलं तरी चालतंय). आणि हे सगळं करताना मोजणी पण होते, एकूण झाडं किती आणि किती जागेत. आययूसीएन, म्हणजे धोक्यातल्या जातींची यादी करणारी जागतिक संस्था, तिचा साधा हिशोब आहे, पूर्ण वाढलेली झाडं २५० पेक्षा कमी भरली तर संकटात, ५० पेक्षा कमी भरली तर फारच संकटात. डोंगरावरच्या झुडपाचं होतं काय, ते एखाद-दोन शिखरांपुरतंच असतंय, खालची हवा त्याला मानवत नाही आणि गरमी वाढली म्हणून वर सरकावं तर वर आभाळच. त्यामुळं बारशाचा कागद आणि आजारपणाचा कागद एकदमच निघतात. सलूनवाल्याला सांगितलं, आजारी ते आधीपासूनच होतं बाबा, आपण नाडी आत्ता धरली.

पण मी पत्र लिहायला बसलो ते ह्याच्यासाठी नाही. त्या बातमीच्या शेवटच्या तीन ओळीत ते झुडूप कुठल्या डोंगरावर, कुठल्या अंगाला, किती उंचीवर, सगळं अगदी रेशन कार्डावर पत्ता लिहावा तसं लिहिलं होतं. ते वाचून माझ्या पोटात गोळा आला, कारण हीच चूक मी स्वतः केलीय आणि ती इथंच, आपल्या खानापूर तालुक्यात.

आता थोडं कुळाबद्दल सांगतो, कारण सूर्यफुलाचं कुळ म्हटलं की लोकांना वाटतंय आपला काय संबंध. अहो आपलं अर्धं घर ह्याच कुळावर चालतंय. दसऱ्याचा झेंडू, शेवंती, करडईचं तेल, भाकरीबरोबरची कारळ्याची चटणी (आमच्या इथं अर्धे लोक गुरेळ्ळूच म्हणतात), आजी डोक्याला लावायची ते माक्याचं तेल, चैत्रात ज्योतिबाला वाहतो तो दवणा. आणि हो, रस्त्याकडंचं काँग्रेस गवत, ते पण ह्याच घरातलं, १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा दिसलं आणि आता कुठं नाही सांगा. घाटातल्या रस्त्याकडंला जी रानमोडी माजलीय ती पण त्यातलीच. जगात ह्या कुळाच्या ३० हजारांवर जाती आहेत, म्हणजे सज्जन पण त्यातच आणि मवाली पण त्यातच, आपल्याकडच्या मोठ्या घराण्यांसारखं.

आणि गंमत बघा, आपण ज्याला झेंडूचं एक फूल म्हणतो ते एक फूल नसतंच. एका दांड्यावर बारक्या बारक्या फुलांची अख्खी गल्ली असते, कडेची पाकळीसारखी दिसणारी वेगळी, मधली नळीसारखी वेगळी, आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाला स्वतःचं बी. म्हणून सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या दगडी पठारावर, कुणी "एकच फूल तोडलं हो" म्हणालं की मला काय सांगावं कळत नाही. त्यानं एका फटक्यात गल्ली साफ केलेली असती.

ह्या कुळातली खूप झाडं आपलं बी केसांच्या झुबक्याला बांधून वाऱ्यावर सोडतात. लहानपणी आपण म्हातारी म्हणून पकडायचो की, आपली म्हातारी बहुतेक रुईची असायची पण प्रकार तोच. सोनकी म्हणजे पावसात येणारं पिवळं रानफूल, तिच्या प्रजातीला (जवळच्या जातींच्या गटाला) लॅटिनमध्ये सेनेशिओ म्हणतात आणि तो शब्द आलाय सेनेक्सवरून, म्हणजे म्हातारा, त्या पांढऱ्या केसांमुळंच. तिकडचे पंडित आणि इकडची शेंबडी पोरं एकाच शब्दावर येऊन पोचली, मला हे कळलं त्या दिवशी दुकानात एकटाच हसत बसलो होतो.

आता मुद्द्याची गोष्ट. ह्या सोनक्यांमध्ये एकीचं नाव आहे सेनेशिओ बेळगावमेन्सिस. बरोबर वाचलात, आपल्या बेळगावच्या नावाची. कंपनी सरकारच्या काळात रॉबर्ट वाइट नावाच्या स्कॉटिश डॉक्टरनं तिला बेळगावचं नाव लावलं, पुढं १८७६ साली क्लार्क नावाच्या माणसानं तिला सोनक्यांच्या खात्यात आणलं, पण बेळगाव काही सुटलं नाही. सह्याद्रीचा हा पट्टा सोडला तर जगात दुसरीकडं ती कुठं नाही. २०१४ ला आपल्या शहराची पाटी बदलली, स्टेशनवरची बदलली, बसवरची बदलली, पण झाडांच्या नावाचा आंतरराष्ट्रीय नियम असाय की पहिलं रीतसर लावलेलं नाव गावाची पाटी बदलली म्हणून बदलता येत नाही. ह्याच्यावर जास्त बोलत नाही, तुम्ही पत्र छापणार नाही. पण बेळगावात किती जणांनी हे नाव ऐकलंय? मी माझ्या दुकानात महिनाभर येईल त्याला विचारलं, एकानंही नाही. कंदीलपुष्पाचं तसं नाही, विशाळगडावर नवीन जात सापडली आणि तिला शिवरायांचं नाव दिलं तेव्हा आमच्या गल्लीतल्या पोरांनी स्टेटस ठेवले होते, छाती भरून आली सगळ्यांची, आणि यायलाच पाहिजे.

तर चार पावसाळ्यांपूर्वी श्रावणात मी मामाच्या गावाला गेलो होतो. गावाच्या वर सडा आहे, जांभ्या दगडाचा, उन्हाळ्यात तिथं अनवाणी पाय ठेवाल तर भाजेल असा, आणि पावसात त्याच दगडावर बोटभर माती धरून ही फुलं येतात, दोन-अडीच महिन्यांत उगवणं, फुलणं, बी धरणं सगळं उरकून परत दगड. धुकं होतं, मधेच ऊन पडलं आणि अख्खा सडा पिवळाजर्द. मी मोबाईल काढला, रील केली, खाली गाव, रस्ता, कुठल्या देवळापासून वर चढायचं सगळं लिहिलं आणि वर लोकेशनची पिन पण टाकली. मला वाटलं आपल्या भागाचं नाव होईल. झालं की! चार दिवसांत लाखभर लोकांनी बघितली, मग एका पेपरनं (तुमचा नव्हे) तीच माहिती उचलून "मिनी कास" असं हेडिंग करून नकाशासकट छापली. पुढच्या रविवारी मामाचा फोन, "काय रे, हे काय करून सोडलास?"

गेलो मी बघायला. देवळापासून गाड्यांची रांग, बेळगाव, हुबळी, गोवा, सगळ्या पासिंगच्या. सड्यावर बाईक चढवल्या होत्या, चाकांच्या खुणा चिखलात नाही हो, त्या बोटभर मातीत, म्हणजे खालचा दगड उघडा. एक फॅमिली चटई टाकून बिर्याणी खात बसली होती आणि त्यांच्या पोरीच्या डोक्यात सोनकीचा गजरा. बाटल्यांचं सांगत नाही. गवताच्या बारक्या तळ्या असतात ना त्यात पोरं पाय धूत होती. मी एकाला म्हणालो, भाऊ जरा बाजूनं चाला, तर तो म्हणाला, तुमची जागा हाय काय? खरं सांगायचं तर माझी नव्हतीच, पण पत्ता मीच दिला होता, त्यामुळं तोंड उघडायची सोय नव्हती. रील काढून टाकली, पण पिन कुठं जाते? दोन वर्षं लोक येतच राहिले. पुढच्या श्रावणात ज्या अंगाला गाड्या लागायच्या तिथं फुलं नव्हती, काँग्रेस गवत होतं, टायरला चिकटून आलेलं. कुळ तेच म्हणा.

(त्यावेळच्या फोटोत एक वेगळी पिवळी फुलं होती, ती नंतर कॉलेजातल्या एका सरांना दाखवली तर ते म्हणाले ही बघा तुमची बेळगावमेन्सिस. म्हणजे आपल्या शहराचं नाव घेऊन दीडशेच्या वर वर्षं उभी असलेली सोनकी, आणि मी तिच्यावर गर्दी सोडली.)

आता दुसरी बाजू, ती माझ्या मामांची. मामा शाळा फार शिकलेले नाहीत पण डोकं तेज. ते म्हणतात, नाव छापलं तर पोरं येतात, नाही छापलं तर चिरेखाण येते. शेजारच्या गावच्या सड्याचं कुणाला काही माहीत नव्हतं म्हणूनच तो एका पावसाळ्यात चौकोनी चौकोनी कापून ट्रकात भरून गेला, आज तिथं नुसते खड्डे, गुरं पडतात. कुणी बोंब मारली नाही कारण तिथं काय होतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. मग सांग, गप्प बसून झाड वाचतंय का? मला ह्याच्यावर पहिल्यांदा उत्तर सुचलं नाही, चहा पिऊन परत आलो.

नंतर विचार करून मला जे वाटतंय ते असं. पत्ता कुणालाच द्यायचा नाही असं नाही, पत्ता कुणाला द्यायचा ते ठरवायचं. त्या सड्यावर काय आहे ते ग्रामपंचायतीला लेखी कळलं पाहिजे, वनखात्याला कळलं पाहिजे, कोल्हापूरच्या विद्यापीठाच्या किंवा पुण्याच्या बोटॅनिकल सर्व्हेच्या हर्बेरियममध्ये नमुना तारखेसकट गेला पाहिजे, म्हणजे उद्या खाणीचा अर्ज आला तर कागदावर कागद ठेवता येतो. कोर्टात फुलाचा वास चालत नाही, नोंद चालते. पण रविवारी कुठं जायचं म्हणून पेपर उघडणाऱ्या माणसाला तालुक्याचं नाव पुरे, बातमीला त्यानं काही कमी येत नाही.

आणि हे मी माझ्या डोक्यातून काढलेलं नाही. आयनॅचरलिस्ट म्हणून ॲप आहे, जगभरचे लोक त्यावर झाडा-प्राण्यांचे फोटो टाकतात, त्यात धोक्यातली जात असली की ॲप स्वतःच जागा पुसट करतंय, नकाशावर साधारण वीस किलोमीटरच्या चौकोनात कुठंतरी एवढंच दिसतंय. का करतात? दक्षिण आफ्रिकेचंच बघा, तिथं कोनोफायटम म्हणून बुटकी, खड्यासारखी दिसणारी झाडं आहेत, २०१९ नंतर ती लाखांनी उपटून चोरून विकली गेलीत, शौकिनांच्या कुंडीसाठी. चोराला नकाशा आयता मिळाला की काय होतंय ते तिथल्या लोकांनी भोगलंय. आपल्याकडं चोर यायची पण गरज नाही, नुसते प्रेमानं आलेले लोकच पुरे.

कुणी म्हणेल मग लोकांनी फोटोच काढू नयेत का. तसं नाही, उलट काढा. अमेरिकेत टेक्सासच्या बिग बेंड उद्यानात २०२४ मध्ये एका साध्या स्वयंसेविकेनं जमिनीलगतचं लोकरीसारखं बारकं रोपटं बघितलं, फोटो ॲपवर टाकला, कुणालाच ओळखेना, शेवटी २०२५ मध्ये ठरलं की ही नुसती नवीन जात नाही तर अख्खी नवीन प्रजाती आहे, तिथल्या कुठल्याही राष्ट्रीय उद्यानात जवळजवळ पन्नास वर्षांनी असं घडलं. आणि कुळ कुठलं? परत आपलंच, सूर्यफुलाचं. तेव्हा गुरं राखणाऱ्या पोराच्या मोबाईलमधून पण उद्या काही निघू शकतंय, आमच्या जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात तर नक्कीच, तिथं वर्षाला जेवढा पाऊस पडतो तेवढा बेळगावच्या पोरांनी टीव्हीवरच बघितलाय.

आपल्या भागाचंच उदाहरण देतो. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतलं वटवाघूळ, रॉटनचं म्हणतात त्याला, १९१३ साली शास्त्रात त्याची नोंद झाली आणि नंतर कितीतरी वर्षं अख्ख्या जगात ते फक्त त्या गुहेतच माहीत होतं. गुहेचं नाव पुस्तकात छापलंय, लपवलेलं नाही, पण ती भीमगड अभयारण्यात आहे, २०११ ला अभयारण्य झालं, आता चटई आणि बिर्याणी घेऊन तिथं जाता येत नाही. नाव उघड असलं तर दाराला कुलूप पाहिजे, एवढंच माझं म्हणणं. आमच्या सड्याला ना दार ना कुलूप, गायरान आहे ते. (अभयारण्यामुळं आतल्या गावांचे काय हाल होतात, पावसात नाला चढला की रस्ता बंद, हे वेगळं पत्र होईल, आणि ते मी लिहिणार आहे.)

दुकानात एकानं विचारलं, पिवळ्या चार फुलांसाठी एवढं कशाला, त्यापेक्षा पाण्याचं लिहा. मी म्हटलं पाण्याचंच लिहितोय की. कोलंबियात डोंगरमाथ्यावर फ्रायलेहोन म्हणून उंच झुडपं असतात, ह्याच सूर्यफुलाच्या कुळातली, पानांवर दाट लव, त्या लवेवर धुकं धरतात आणि थेंब थेंब जमिनीत सोडतात, वाढ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर. बोगोटा एवढं मोठं शहर, त्याच्या नळाला त्या डोंगरमाथ्यांचं पाणी येतं. २०१७ साली तिथं त्यातली एक नवीन जात नोंदली, तिला त्यांनी देशातल्या शांतता कराराच्या आठवणीत राष्ट्राध्यक्षांच्या पदाचं नाव दिलं. आपली सोनकी काही धुकं गाळत नाही, ती बुटकी आहे, पण ती ज्या सड्यावर उभी आहे तो सडा पाणी धरतोय. मलप्रभा कणकुंबीतून निघते, मार्चपर्यंत आमच्या मामाच्या विहिरीला पाणी असतंय ते त्या दगडाच्या भेगांतून आलेलं. म्हादईच्या पाण्यासाठी तीन राज्यं वर्षानुवर्षं भांडतायत, आणि ते पाणी जिथं मुरतंय तिथं आपण गाड्या धुतोय.

तेव्हा साहेब, माझी मागणी छोटी आहे. दुर्मिळ झाडाची, फुलाची, कुठल्याही जिवाची बातमी आली तर तालुक्यापर्यंतच जागा लिहा, गाव, देऊळ, पायवाट, नकाशा, पिन काही नको. वार्ताहरांना एकदा तसं सांगून ठेवा. लोकांनी पाठवलेले फोटो छापताना फोटोखाली गावाचं नाव टाकायची सवय आहे ती ह्या बाबतीत सोडा. आणि श्रावण-भाद्रपदात "जवळची फुलांची पठारं" अशी पुरवणी काढता ना तुम्ही, तिथं कासचंच लिहा, तिथं निदान तिकीट आहे, बुकिंग आहे, दिवसाला किती माणसं सोडायची ह्याला मर्यादा आहे, आणि जागतिक वारसा यादीत २०१२ ला नाव लागल्यापासून बघणारा कुणीतरी आहे. आमच्याकडं बघायला माझे मामा आहेत, वय चौऱ्याहत्तर, हातात काठी.

मामांचं म्हणणं पण मी सोडलेलं नाही. मागच्या महिन्यात त्यांच्या ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय, फोटो, तारखा आणि सरांनी ओळखून दिलेली नावं जोडून. सेक्रेटरी म्हणाला कानडीत करून आणा. करून दिला, आमच्या सलूनवाल्यानंच करून दिला, त्याचं कानडी माझ्यापेक्षा चांगलं आहे. फक्त "म्हातारी" ह्या शब्दाला तो अर्धा तास अडला होता.

पत्रासोबत दोन फोटो पाठवतोय, छापले तर बरं वाटेल. मोबाईलच्या फोटोत लोकेशन आपोआप चिकटून जातंय असं माझी मुलगी म्हणाली, ते तिनं काढून टाकलंय, तरी तुमच्या ऑफिसात एकदा तपासून घ्या. माझं नाव छापा न छापा, गावाचं मात्र छापू नका, मामाच्या तर अजिबात नको.

आपला,
एक झेरॉक्सवाला, खानापूर तालुका